सल्ल्याच्या टेबलावर दानपेटी नको: वकील संघानं मोफत कायदा शिबिर आणि धर्मादाय निधी कसा आखावा

पहिल्या वर्षी आम्ही दानपेटी टोकनच्या टेबलाशेजारीच ठेवली होती. तालुक्याच्या वकील संघानं दिवसभर मोफत सल्ला द्यायचा, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी जमेल ते पेटीत टाकायचं आणि जमलेली रक्कम मुलींच्या एका वसतिगृहाला द्यायची, असा बेत होता. दुपारी एक आजी आल्या. नवरा जाऊन चार वर्षं झाली तरी सातबाऱ्यावर वारस नोंद झालेली नव्हती. टोकन घेतलं, पेटीकडे पाहिलं, पदराची गाठ सोडून दहाची नोट काढली आणि विचारलं, "एवढ्यात भागंल का, वकीलसाहेब?" वर फलकावर "मोफत" असं ठसठशीत लिहिलं होतं. आजींना वाचता येत नव्हतं. पेटी मात्र दिसत होती.

तेव्हापासून आमच्याकडे शिबिर एका दिवशी असतं आणि निधीचा कार्यक्रम वेगळ्या दिवशी, वेगळ्या जागी. पुढची सगळी आखणी याच पायावर उभी आहे. ती महाराष्ट्रातल्या तालुका किंवा जिल्हा वकील संघाला डोळ्यासमोर ठेवून लिहिली आहे.

पायरी १: विधी सेवा प्राधिकरणाला आधी भेटा

मोफत कायदेशीर मदत ही आपली मेहेरबानी नाही, हे शिबिराच्या पहिल्याच बैठकीत बोलून घ्यावं. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं अनुच्छेद ३९क आला आणि गरिबाला मोफत कायदेशीर मदत देण्याची जबाबदारी राज्यावर आली. ही मदत देणारी प्राधिकरणं ज्यानं उभी केली तो विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ चा, पण तो अमलात आला ९ नोव्हेंबर १९९५ ला. म्हणून ९ नोव्हेंबर हा राष्ट्रीय विधी सेवा दिन. शिबिरासाठी बरेच संघ हाच आठवडा धरतात. त्याआधी १९७८ मध्ये होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं कैद्याच्या मोफत वकिलाच्या हक्कावर शिक्कामोर्तब केलं होतं. आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारनियमांतला ४६ वा नियम सांगतो की गरीब आणि पीडित माणसाला आपल्या ऐपतीच्या मर्यादेत मोफत मदत करणं हे वकिलाच्या सर्वोच्च कर्तव्यांपैकी एक आहे.

तालुका विधी सेवा समितीला किंवा जिल्हा प्राधिकरणाला किमान महिनाभर आधी पत्र द्या. कारण अगदी व्यवहारी आहे. शिबिरात आपण अर्धा तास सल्ला देतो. त्या माणसाला पुढे दोन-तीन वर्षं तारखांना उभा राहणारा वकील लागतो. तो १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ खाली प्राधिकरण देऊ शकतं. कलम १२ मध्ये कोण बसतं, हे टेबलावर बसणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ हवं: अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्री, मूल, अपंग व्यक्ती, मानवी तस्करीचा किंवा वेठबिगारीचा बळी, पूर-दुष्काळ-भूकंप किंवा जातीय अत्याचाराची झळ बसलेला माणूस, औद्योगिक कामगार, कोठडीतला माणूस, आणि ठरावीक वार्षिक उत्पन्नाच्या आतली कोणतीही व्यक्ती. महाराष्ट्रात ही मर्यादा तीन लाख रुपये आहे. स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. ही एवढी साधी गोष्ट आपल्यातल्याच कितीतरी वकिलांना ठाऊक नसते, किंवा ठाऊक असून सांगाविशी वाटत नाही.

प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवकही मागून घ्या. गावातली भांडणं त्यांना आपल्यापेक्षा आधी कळतात.

पायरी २: हिशेब मांडा, मग टोकन छापा

शिबिर फसतं ते बहुधा गर्दीनं. एका माणसाला नीट ऐकून, कागद पाहून, सल्ला लिहून द्यायला पंचवीस मिनिटं लागतात. पाच तास बसलेला वकील म्हणजे बारा माणसं. सहा वकील असतील तर बहात्तर. मग टोकन सत्तरच काढा. दोनशे माणसांना हात लावून सोडण्यापेक्षा सत्तर माणसांचं काम मार्गी लागलेलं बरं. उरलेल्यांची नावं लिहून त्यांना पुढच्या शनिवारी बार रूममध्ये बोलवा.

टेबलं विषयांनुसार लावा: जमीन-महसूल, कौटुंबिक, फौजदारी, आणि पैशाचे-ग्राहकांचे वाद. ग्रामीण भागात जमिनीच्या टेबलावर निम्मी गर्दी येते, तिथे दोन वकील द्या. याशिवाय एक ज्येष्ठ वकील मोकळा ठेवा, अडलेल्या टेबलाकडे जाण्यासाठी. कौटुंबिक टेबल वेगळ्या खोलीत आणि शक्यतो महिला वकिलाकडे. सोबत आलेल्या दिराला किंवा भावाला बाहेर बसवता आलं पाहिजे. जागा तळमजल्यावरची, पंखे चालणारी. आठवडी बाजाराचा दिवस सोयीचा असतो, माणसं तालुक्याला आलेलीच असतात. पेरणी-काढणीच्या दिवसांत शिबिर ठेवू नका.

विधी महाविद्यालयाचे विद्यार्थी उत्साहानं येतात. त्यांनी अर्ज भरावेत, कागद लावावेत, रांग सांभाळावी. सल्ला मात्र सनदधारक वकिलानंच द्यायचा. अधिवक्ता अधिनियम, १९६१ खाली वकिलीचा अधिकार नोंदणीकृत वकिलालाच आहे. वकील आणि त्याचा कारकून किंवा दुभाषा यांना अशिलाची गोष्ट गुप्त ठेवण्याचं बंधन भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. एका दिवसापुरता आलेला विद्यार्थी त्यात बसतो की नाही, यावर वाद घालत बसण्यापेक्षा त्याच्याकडून गोपनीयतेचं लेखी हमीपत्र आधीच घ्या.

पायरी ३: फलक लावताना हात आवरा

बार कौन्सिलच्या त्याच आचारनियमांतल्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला काम मागण्यासाठी जाहिरात करता येत नाही. शिबिराचा फ्लेक्स हा त्या नियमाला वळसा घालायचा सर्वांत लोकप्रिय रस्ता आहे. फलकावर संघाचं आणि प्राधिकरणाचं नाव, तारीख, वेळ, जागा, विषय आणि १५१०० हा विधी सेवेचा हेल्पलाइन क्रमांक, एवढंच असावं. वकिलांचे हसरे फोटो नकोत, चेंबरचे पत्ते नकोत. टेबलावर व्हिजिटिंग कार्डं ठेवायची नाहीत.

पायरी ४: अर्ज, म्हणजे शिबिराचा कणा

बहुतेक शिबिरांत नाव-गाव-मोबाइल एवढीच नोंदवही असते. ती उपस्थिती दाखवायला पुरते, कामाला येत नाही. एका पानाचा अर्ज करा आणि त्यातले तीन रकाने जपा.

पहिला रकाना समोरच्या पक्षाच्या नावाचा. हा टोकनच्या टेबलावरच भरायचा, हकीकत ऐकण्याआधी. तालुक्याच्या कोर्टात आपण सगळ्यांनीच सगळ्यांची कामं केलेली असतात. दाव्यासंदर्भात एका पक्षाला सल्ला दिलेल्या वकिलाला विरुद्ध पक्षासाठी उभं राहता येत नाही (नियम ३३). माणूस टेबलावर बसला, दहा मिनिटं मन मोकळं केलं आणि मग कळलं की समोरचा पक्ष आपलाच जुना पक्षकार. तेव्हा दोघांचंही नुकसान झालेलं असतं. नाव आधी कळलं तर टोकन दुसऱ्या टेबलाचं देता येतं.

दुसरा रकाना: आधी वकील लावलाय का? चालू प्रकरणात वकीलपत्र दाखल असेल तर त्या वकिलाच्या संमतीशिवाय आपण उभं राहायचं नाही (नियम ३९). अशा माणसाला प्रकरण कुठवर आलंय ते समजावून सांगा, कागद वाचून दाखवा. कित्येकदा त्याला तेवढंच हवं असतं. आपल्या वकिलाला विचारायची भीड वाटते म्हणून तो आलेला असतो. सहकाऱ्याची निंदा मात्र करू नका.

तिसरा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा: शेवटचा कागद कधी हातात आला? अर्जावर हा रकाना लाल चौकटीत छापा. पक्षकार भांडणाचा इतिहास आजोबांपासून सांगतो आणि पिशवीच्या तळाशी समन्स असतं, महिन्यापूर्वी बेलिफानं दिलेलं. दिवाणी दाव्यात लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायला तीस दिवस, न्यायालयानं वाढवून दिले तर नव्वदपर्यंत. चेक न वटल्याचं बँकेनं कळवल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला पंधरा दिवस, ते उलटल्यावर महिन्याच्या आत फिर्याद. ग्राहक तक्रारीला दोन वर्षं. या मुदती टेबलावर पुठ्ठ्यावर चिकटवून ठेवा. मुदत सात दिवसांवर आली असेल त्या अर्जाचा कोपरा दुमडा आणि तो मोकळ्या ज्येष्ठ वकिलाकडे द्या. त्या माणसाला सल्ला देऊन घरी पाठवायचं नसतं, त्याच दिवशी मसुदा करायचा असतो.

पायरी ५: टेबलावरची वागणूक

मूळ कागद ठेवून घेऊ नका. मोबाइलवर फोटो काढायचा तर तोही परवानगीनं, अर्जाला जोडण्यापुरता. कोऱ्या वकीलपत्रावर सही घेणं तर सपशेल बंद. निकालाची हमी देऊ नका. उठताना त्याच्या हातात एक कागद द्या, मराठीत, मोठ्या अक्षरात: काय करायचं, कोणत्या कचेरीत, कोणत्या तारखेच्या आत. कलमांचे आकडे लिहून त्याला काही उपयोग नाही. ज्याला वाचता येत नाही त्याला विचारा, घरात वाचणारं कोण आहे. त्या मुलीला किंवा नातवाला फोन लावून ऐकवा.

बायकांच्या प्रकरणांत एक गोष्ट न विसरता सांगा. महाराष्ट्र शासनाच्या १९९४ च्या अधिसूचनेनं पोटगी, मालमत्ता, हिंसाचार आणि घटस्फोट या प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे. वाटणीचा दावा "स्टँपला पैसे नाहीत" म्हणून वर्षानुवर्षं राहिलेला मी पाहिलाय.

फोटोंबद्दल आमचा नियम कडक आहे. उद्घाटनाचा एक फोटो, तोही रिकाम्या मांडवाचा. सल्ला घेणाऱ्याचा चेहरा कुठेही नको. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहेच, पण प्रश्न तेवढाच नाही. नवऱ्याविरुद्ध सल्ला घ्यायला आलेली बाई संध्याकाळी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिसली तर रात्री घरात काय होईल, याची कल्पना करा.

आणि शिबिरात भेटलेला माणूस नंतर "फी देतो, तुम्हीच चालवा" म्हणाला तर? आमच्या संघात ठरलंय: त्या प्रकरणात शिबिरातल्या कोणी फी घ्यायची नाही. एक तर मोफत चालवा, नाही तर प्राधिकरणाकडे पाठवा. प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या वकिलाला तर विधी सेवेच्या प्रकरणात पक्षकाराकडून एक रुपयाही घेता येत नाही. काही सहकाऱ्यांना आमचा नियम जाचक वाटतो. मला वाटत नाही.

पायरी ६: पंधरा दिवसांनी फोन

अर्जांचा गठ्ठा एका कनिष्ठ वकिलाच्या नावावर करा. पंधरा दिवसांनी प्रत्येकाला फोन, मग दोन महिन्यांनी पुन्हा. तलाठ्याकडे गेलात का, अर्जाची पोच मिळाली का, प्राधिकरणानं वकील नेमला का. आमचे निम्मे लोक पहिल्या फोनपर्यंत कुठेच गेलेले नसतात. आळस हे कारण नसतं. बसचं भाडं, बुडणारी रोजी आणि कचेरीतल्या माणसाची भीती ही कारणं असतात. अशा वेळी विधी स्वयंसेवक सोबत पाठवला की काम होतं.

पायरी ७: आता निधी

फोनमधून जे कळतं त्यातूनच निधीचा हेतू ठरवणं सोपं जातं. वकिलाची फी माफ झाली तरी प्रमाणित नकला, टायपिंग, टपाल, प्रवास यांचे पैसे कुठून यायचे? किंवा संघाला एखाद्या रुग्णालयाला, वसतिगृहाला, वृद्धाश्रमाला मदत करायची असेल. काहीही असो, हेतू एकच ठेवा आणि तो एका वाक्यात सांगता आला पाहिजे.

पैसा कोणाच्या खात्यात येणार, हे त्यानंतर लगेच ठरवा. सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे नोंदणीकृत धर्मादाय न्यास निवडायचा आणि देणगीदाराला थेट त्याच्याच खात्यात पैसे भरायला सांगायचं. संघ फक्त आवाहन करतो, पैशाला हात लावत नाही. नोंदणी नसलेल्या गटाला लोकांकडून वर्गणी गोळा करायची असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१क खाली धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळं दरवर्षी काढतात तीच ही परवानगी. मंडळांना ती समजावून सांगणारे आपण, स्वतः काढायला मात्र विसरतो. अध्यक्षांच्या खासगी मोबाइल नंबरचा क्यूआर कोड छापणं तर कोणत्याही परिस्थितीत नको, अध्यक्ष कितीही सज्जन असोत.

न्यास निवडताना तीन कागद मागा: नोंदणी प्रमाणपत्र, मागच्या वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल आणि आयकर सवलतीचा आदेश. देणगीदार "८०जी मिळेल ना?", म्हणजे देणगीवर आयकरात वजावट मिळेल ना, असं विचारणारच. त्यांना आधीच सांगा: दोन हजार रुपयांवर रोख दिलेल्या देणगीला वजावट नाही, वस्तूरूप देणगीला नाही आणि नव्या कररचनेत गेलेल्या पगारदार-व्यावसायिकालाही ती मिळत नाही. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू असल्यानं कलमांचे क्रमांक बदलले आहेत. पावतीपुस्तक छापण्याआधी सीएला मसुदा दाखवा.

परदेशातून पैसे येणार असतील तर थांबा. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भाच्यानं त्याच्या बचतीतून पाठवलेली देणगी वेगळी आणि परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भाच्याची वेगळी. दुसरी परकीय अंशदान ठरते. त्यासाठी न्यासाची २०१० च्या परकीय अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा परवानगी हवी आणि रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. छोट्या न्यासाकडे हे सहसा नसतं, मग तो पैसा घ्यायचाच नाही.

पायरी ८: कार्यक्रम कोणता, आणि कोणाला बोलवायचं नाही

प्रमुख पाहुणे म्हणून न्यायाधीश, हे आपलं ठरलेलंच. कायदा शिबिराला ते योग्यच आहे. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष प्रमुख जिल्हा न्यायाधीशच असतात. निधी संकलनाला मात्र पदावरच्या न्यायाधीशांना बोलावू नका. सर्वोच्च न्यायालयानं १९९७ मध्ये स्वीकारलेल्या न्यायिक जीवनमूल्यांच्या संहितेत न्यायाधीशानं कोणत्याही कारणासाठी निधी उभारण्याशी सक्रिय संबंध ठेवू नये असं म्हटलंय. ती संहिता उच्च न्यायव्यवस्थेसाठी आहे, पण औचित्य तालुक्यालाही तेच. ज्याच्यासमोर सोमवारी युक्तिवाद करायचा त्याच्यादेखत रविवारी देणगी जाहीर करणारा वकील अवघडतो, आणि न देणारा जास्त. शिबिर आणि निधी वेगळ्या दिवशी ठेवण्याचं हे दुसरं कारण.

तिकिटं विकून लकी ड्रॉ काढायची सूचना दरवर्षी कोणीतरी करतंच. शासनानं परवानगी न दिलेली लॉटरी चालवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ मध्ये येतं. वकील संघानं आरोपी होण्याइतकं बक्षीस मोठं नसतं.

आमच्याकडे चाललेले प्रकार साधे आहेत. "एका तारखेची फी": महिन्यातल्या कोणत्याही एका तारखेची फी प्रत्येक सभासदानं न्यासाच्या खात्यात भरायची. ज्येष्ठांची मोठी, कनिष्ठांची छोटी, आकडा कोणी विचारायचा नाही. वकिलांची क्रिकेट स्पर्धा प्रवेशशुल्कावर चांगली चालते. तिथे नोटरी आणि सरकारी वकील यांच्यातली चुरस बघायला डॉक्टर मंडळीही पैसे देऊन येतात.

आणखी एक प्रकार थोडा नाजूक आहे. ब्रिटनमध्ये 'विल एड' नावाची मोहीम १९८८ पासून चालते: वकील साधं मृत्युपत्र फी न घेता करून देतात आणि अशील त्याऐवजी धर्मादाय संस्थांना स्वेच्छेनं देणगी देतो. हे माझ्या पेटीच्या नियमाविरुद्ध वाटेल, पण तिथे येणारा माणूस फी देऊ शकणारा असतो. निवृत्त शिक्षक, बँक कर्मचारी, व्यापारी यांच्यासाठी असा मृत्युपत्र दिवस आपल्याकडेही करता येतो. फक्त रकमेचा दर लावायचा नाही. दर लावला की ती वेषांतर केलेली फीच. देणगी न देणाऱ्यालाही तेच मृत्युपत्र मिळालं पाहिजे, म्हणून न्यासाचा खातेक्रमांक मृत्युपत्र सही होऊन हातात पडल्यावरच द्यायचा. वेळ जास्त धरा, माणशी किमान तासभर. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे दोन साक्षीदार लागतात. लाभार्थ्याला साक्षीदार करू नका. मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. मुलाला बाहेर बसवून म्हाताऱ्या माणसाला एकट्यानं बोलू द्या. मृत्युपत्र कोणाच्या मनातलं आहे ते तेव्हाच कळतं.

पायरी ९: पेटीचा पंचनामा

क्रिकेटच्या मैदानावर पेटी ठेवायला हरकत नाही. ती सील करा आणि न्यासाचा एक, संघाचा एक आणि बाहेरचा एक अशा तिघांदेखत उघडा. नोटा मोजा, किती रुपयांच्या किती ते लिहा, तिघांच्या सह्या घ्या. पंचनाम्यातल्या चुका काढण्यात आपली हयात जाते, तेव्हा हा तरी निर्दोष लिहू या. रक्कम दुसऱ्या दिवशी बँकेत. मांडव, चहा, छपाई यांचा खर्च जमलेल्या पैशातून कापायचा नाही, तो संघाच्या सभासदांनी आधीच वेगळा काढायचा, म्हणजे "शंभरातले किती पोहोचले?" या प्रश्नाला "शंभर" हे उत्तर देता येतं.

नावासह मोठी देणगी देणाऱ्याचं पॅन पावती करतानाच घ्या. न्यासाला देणगीदारांचं वार्षिक विवरण आयकर खात्याकडे भरावं लागतं आणि देणगीदाराचं प्रमाणपत्र त्यातूनच निघतं. गेल्या खेपेला अकरा जणांची पॅन राहिली होती. मार्चनंतर ती गोळा करायला आमच्या कोषाध्यक्षांना कोर्टाच्या प्रत्येक मजल्यावर हिंडावं लागलं, आणि त्यातले दोघे अजून सापडायचे आहेत.